बिनसहीचा करार

परवा रात्री साडेअकराच्या सुमारास मी आणि चिरंजीव स्कूटरवरून एका लग्नाच्या स्वागतसमारंभाहून घरी येत होतो. सौ. आपल्या बहिणीच्या गाडीतून, आइस्क्रीमची दुसरी वाटी संपवून, आमच्या आधीच घरी पोचली होती. ठाण्यातल्या एका चौकात सिग्नल लाल झाला आणि मी थांबलो. त्या वेळी चौकाची एकूण लोकसंख्या म्हणजे आम्ही दोघं, एक बंद पानपट्टी आणि दुभाजकावर झोपलेलं एक कुत्रं. चारही रस्ते धुऊन वाळत घातल्यासारखे रिकामे होते.

“बाबा, का थांबलात?”

“लाल आहे.”

“ते दिसतंय. पण का थांबलात?”

अशा प्रश्नाला मराठी बापाकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं एक उत्तर असतं, “गप्प बस.” पण लग्नात जिलबी बरी होती, त्यामुळे मी जरा उदार होतो. म्हटलं, “नियम आहे.”

“कोणी केला?”

“सरकारने.”

“सरकार कोणी केलं?”

“आपण.”

“मी कुठे केलं? मला तर मतदानही नाही अजून. मी सही कुठे केलीय?”

हा ‘सही’ शब्द त्याने उच्चारायला नको होता. बावीस वर्षं मी बँकेत कारकुनी करतो आहे. ‘सही जुळत नाही’ हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारलं आहे तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर आतापर्यंत एखादा मठ निघाला असता. सही नसलेला कागद हा माझ्या लेखी कागदच नव्हे. तो भेळेला द्यायचा. आणि पोटचा पोरगा भर चौकात मला विचारतो आहे की ज्या कराराप्रमाणे तुम्ही इथे थांबलात त्यावर सही कुणाची?

आमच्या घरात दोन पिढ्या कॉमर्स. वडील बी.कॉम., मी बी.कॉम. चिरंजीव मात्र दहावीला बरे मार्क असतानाही आर्ट्सला गेले आणि यंदा बारावीला राज्यशास्त्र नावाचा विषय त्यांच्या अंगात आला आहे. त्यांनी तिथेच, स्कूटरच्या मागच्या सीटवरून, मला ‘सामाजिक करारा’चा सिद्धान्त समजावून सांगितला. फार पूर्वी म्हणे माणसं मोकाट होती, राजा नाही, कायदा नाही. मग त्यांनी आपसांत करार केला की प्रत्येकाने थोडं थोडं स्वातंत्र्य सोडायचं आणि त्याच्या बदल्यात सगळ्यांनी सुखाने जगायचं. त्या करारातून राज्य निघालं, राज्यातून कायदा निघाला, आणि कायद्यातून, वंशावळ लावत गेलं तर, हा दिवा निघाला. व्याख्यान संपेपर्यंत दिवा दोनदा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला होता. कुत्रं उठून दुसरीकडे झोपायला गेलं.

करार म्हटल्यावर मला एकच करार ठाऊक. भारतीय करार कायदा, १८७२. बी.कॉम.ला हा विषय आम्हाला एक सर शिकवीत. ते वर्गात येताच ‘प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला’ असं तीन वेळा म्हणत आणि मग हजेरी घेत. पास व्हायला तेवढं पुरे असे. तुमच्यापैकी जे कॉमर्सचे असतील त्यांना मोहोरीबिबी नक्की आठवत असतील. सख्ख्या आत्याचं नाव विसरेल, पण कॉमर्सचा पदवीधर मोहोरीबिबी विसरणार नाही. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने त्यांच्या खटल्यात निकाल दिला की अज्ञान मुलाशी केलेला करार मुळातच रद्दबातल. म्हणजे त्या मुलाने आपली मिळकत गहाण टाकून पैसे उचलले तरी गहाणखत फुकट गेलं.

घरी आल्यावर झोप येईना. म्हटलं, हा जो सामाजिक करार आहे तो आपल्या कायद्याच्या कलम १० ला उतरतो का ते बघू. बँकेत कर्जाची कागदपत्रं तपासतो तसंच. पहिली अट, दोन्ही पक्ष करारक्षम हवेत. इथे पहिल्याच पायरीला पाय घसरतो. मी या करारात सामील झालो तेव्हा दुपट्यात होतो. मोहोरीबिबींच्या न्यायाने प्रकरण तिथेच संपलं. दुसरी अट, संमती स्वखुशीची हवी. मला कोणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी उलटं धरून पाठीवर चापट मारली आणि मी रडलो, ही जर संमती असेल तर ती दडपणाखाली घेतलेली आहे, कलम १५ पाहा. तिसरी, मोबदला. तो मात्र आहे. रस्ते आहेत, दिवे आहेत, नळाला सकाळी पाऊण तास पाणी आहे. चौथी गोष्ट, दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिलेला हवा. ‘पार्किंग निषिद्ध’ या दोन शब्दांचा अर्थ महापालिका आणि आमच्या सोसायटीतले तळमजल्याचे रहिवासी एकच घेतात, असं कोणी शपथेवर सांगेल काय? थोडक्यात, असा कागद आमच्या शाखेत आला असता तर कर्ज अधिकाऱ्याने तो चहा यायच्या आत परत पाठवला असता.

दुसऱ्या दिवशी रविवार. चिरंजीव झोपलेले पाहून मी त्यांचं पुस्तक उघडलं. मुलाचं पुस्तक चोरून वाचायची पाळी माझ्या वडिलांवर कधी आली नव्हती. पण त्यांच्या मुलाने कधी चौकात असले प्रश्नही विचारले नव्हते.

पुस्तकात पहिला भेटला हॉब्ज. हा इंग्रज. त्याच्या देशात यादवी झाली, १६४९ मध्ये राजाचं डोकं उडवलं, आणि त्या धास्तीत त्याने १६५१ साली ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं की वर कोणी दंडुका घेऊन बसलेला नसेल तर माणसं एकमेकांना खातील आणि कोणी फार दिवस जगणार नाही. तो स्वतः एक्क्याण्णव वर्षं जगला, हा भाग वेगळा. हॉब्जचा करार म्हणजे मुदतीआधी न मोडता येणारी ठेव. एकदा सगळं राजाच्या स्वाधीन केलं की केलं. तो जीवच घ्यायला उठला तर गोष्ट निराळी, एरवी व्याजाबद्दल तक्रार चालणार नाही.

दुसरा लॉक. हा मला लगेच आवडला, कारण १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली तेव्हा त्याने तिचे शेअर घेतले होते. असा तत्त्वज्ञ विश्वासाला पात्र असतो. लॉक म्हणतो, राजाने करार मोडला तर आपण ठेव मोडून परत घेऊ शकतो. सहीच्या प्रश्नावरही त्याने तोड काढली आहे. सही नसली तरी तुम्ही या देशाच्या रस्त्यावरून सुखाने चालता ना? मग तीच तुमची मूक संमती. वाचून मी क्षणभर खूश झालो. चिरंजीवांना उठल्याबरोबर सांगायचं ठरवलं की ज्या रस्त्यावर तू सहीबद्दल वाद घालत होतास तो रस्ताच तुझी सही.

पण पान उलटलं तर पुढे ह्यूम बसलेला! त्याने १७४८ साली लिहून ठेवलं आहे की झोपलेल्या माणसाला उचलून जहाजावर घातलं, भरसमुद्रात त्याला जाग आली, आणि मग तुम्ही म्हणालात की तू जहाजातून उडी मारत नाहीस म्हणजे कप्तानाचा हुकूम तुला मान्य आहे, तर याला काय संमती म्हणायची? मला एकदम आठ-बावन्नची फास्ट लोकल आठवली. मागच्या लोंढ्याने उचलून मला आत घातलेलं असतं आणि मुलुंड गेल्यावर मला कळतं की ही गाडी आपली नव्हे. तिच्यात उभा राहतो याचा अर्थ ती मला मान्य आहे असं कुणी म्हटलं तर मीही ह्यूमसारखाच चिडेन.

रूसोबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तोवर चिरंजीव उठले होते. १७६२ साली त्याने ‘सामाजिक करार’ याच नावाचा ग्रंथ लिहिला आणि तो ग्रंथ त्याच्याच जिनिव्हात जाळण्यात आला. त्याचं राज्य म्हणजे सहकारी पतपेढी. सगळे सभासद, सगळे मालक, आणि सर्वसाधारण सभेने ठरवलं की सगळ्यांनी मुकाट्याने ऐकायचं. आमच्या सोसायटीची एक तरी सर्वसाधारण सभा रूसोने पाहायला हवी होती. त्यातून या गृहस्थाने आपली पाच मुलं जन्मल्या जन्मल्या अनाथालयात नेऊन टाकली, असं त्यानेच पुढे कबूल केलं आहे. जगाला करार शिकवणाऱ्याला घरचा करार कुठे जमला?

हे सगळे गोरे लोक सतराव्या-अठराव्या शतकातले. आपल्याकडे शांतिपर्वात भीष्माने युधिष्ठिराला हीच गोष्ट केव्हाच सांगून टाकली आहे. राजा नव्हता तेव्हा मोठा मासा लहान माशाला खाई. लोकांनी आपसांत नियम केले, ते टिकले नाहीत. मग ते ब्रह्मदेवाकडे गेले आणि त्याने मनूला राजा हो म्हणून सांगितलं. मनू चक्क नको म्हणाला. कोण असल्या खोटं वागणाऱ्या लोकांवर राज्य करणार आणि त्यांचं पाप डोक्यावर घेणार? तेव्हा लोकांनी रीतसर अटी घातल्या : पशूंचा आणि सोन्याचा पन्नासावा हिस्सा देऊ, धान्याचा दहावा देऊ, आणि पाप ज्याचं त्याच्याकडे राहील. हे वाचून माझ्यातला बँकवाला गहिवरला. टक्केवारीसकट करार! पण ते शेवटचं कलम, पाप ज्याचं त्याच्याकडे राहील, ते मात्र मी घाईघाईने ओलांडलं. का, ते पुढे येईल.

खरं सांगायचं तर बिनसहीचे करार पुस्तकात शोधायची मला गरज नव्हती. मी रोज त्यात बसून कामाला जातो. लोकलच्या सेकंड क्लासचा बाक तिघांचा. चौथा येतो, तोंडाने काही बोलत नाही, दोन बोटांनी जरासं ‘सरका’ करतो, आणि तिघे सरकतात. चौथ्याला मिळते ती जागा एका मांडीपुरती. दुसरी मांडी तो पॅसेजच्या हवेवर ठेवतो. ही चौथी सीट रेल्वेच्या कुठल्याही नियमात नाही. पण ‘बाक तिघांचा आहे’ असं म्हणणारा माणूस मी बावीस वर्षांत एकदाच पाहिला. तो बहुधा बाहेरगावचा होता आणि नंतर कुर्ल्यापर्यंत सगळा डबा त्याच्याकडे पाहत होता. बायकांच्या डब्यातली व्यवस्था तर याहून पक्की. सौ. ठाण्याला चढते आणि बसलेल्या बाईला विचारते, “कुठे उतरणार?” “घाटकोपर.” झालं, खरेदीखत झालं. तेवढ्यात तिसरी सौ.ला विचारते, “तुम्ही कुठे?” म्हणजे सौ. अजून बसायची आहे तोवर तिच्या सीटवर दुसरा बोजा चढला! आणि घाटकोपरला मधल्यामधे कोणी ती जागा पटकावलीच तर तिच्यावर ज्या तोंडी समन्सांचा वर्षाव होतो तो ऐकून हॉब्जच्या राजाने सिंहासन सोडलं असतं. दंडुका नाही, पोलीस नाही, सही नाही, आणि तरी रोज अंमलबजावणी चालू.

असा करार जन्मताना मी एकदा माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात. ८ तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, ९ ला बँका बंद राहिल्या आणि १० ला उघडल्या. त्या दिवशी आमच्या शाखेच्या दाराशी जे झालं ते मत्स्यन्यायाचं साग्रसंगीत प्रात्यक्षिक होतं. शटर अर्धं वर गेलं आणि माणसं खालून शिरली. एका काचेला तडा गेला, एका गृहस्थांचा चष्मा गेला, आणि रखवालदाराच्या टोपीचा शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

तिसऱ्या दिवशी, १२ तारखेला, आम्ही सकाळी आठला पोचलो तर बाहेर शांतता. दुसरा शनिवार, एरवी सुट्टीचा, पण त्या वर्षी बँका उघड्या होत्या. फुटपाथवर चपला, पिशव्या, हेल्मेटं आणि खडूने नाव लिहिलेली एक वीट अशी ओळीने लावलेली. पायरीवर एक निवृत्त मास्तर वाटावेत असे गृहस्थ मांडीवर कॅलेंडरचं पान उलटं घेऊन बसलेले, आणि त्यावर दीडशेच्या वर नावं. पहाटे पाचला म्हणे यादी सुरू झाली. कोणी सांगितली? कोणीच नाही. नियमही ठरले होते. नंबर स्वतः येऊन लावायचा. चहाला, लघवीला जायला दहा मिनिटं माफ. तीनदा पुकारूनही नसेल तर शेवटी. तान्हं मूल असेल ती पुढे. आमचे मॅनेजर रात्री जागून केलेले छापील टोकन घेऊन बाहेर आले तेव्हा लोक म्हणाले, “साहेब, आमची यादी आहे.” मॅनेजरांनी टोकन मुकाट्याने खिशात घातले. परवा ज्यांनी काच फोडली त्यातलेच हे लोक. मध्ये फक्त एक दिवस गेला होता.

मी नोटा बदलून देण्याच्या खिडकीवर होतो. एका माणसाला चार हजारांपर्यंत, फॉर्म आणि ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन. बाराच्या सुमारास मोबाइल वाजला. आमचे साडू. “अहो, चार हजारच बदलायचेत. आपला माणूस बँकेत असून मी उन्हात उभा राहिलो तर लोक काय म्हणतील?” लोक काय म्हणतील हा प्रश्न फार वेगवेगळ्या वेळी विचारता येतो. मी सौ.चा चेहरा डोळ्यांसमोर आणला, तिच्या बहिणीचा आणला, येणारी लग्नसराई आणली, आणि म्हटलं, “मागच्या दाराने या.” मागचं दार चहावाल्या पोरासाठी असतं. साडू आले. फॉर्म भरला, झेरॉक्स दिली, पाचशेच्या आठ नोटा मोजल्या, गुलाबी दोन नोटा घेतल्या. रिझर्व्ह बँकेचा एकही नियम मोडला नाही. पाच मिनिटांत काम झालं. त्यातली तीन चहात गेली.

सव्वाचारला मागून कॅशियर म्हणाला, “संपली.” त्या वेळी माझ्या खिडकीशी एक बाई होत्या. पोळ्यांची कामं करणाऱ्या असाव्यात; पिशवीला पिठाचा हात लागलेला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाचशेच्या चार नोटा, आणि घामाने ओली झालेली झेरॉक्स. पहाटे पाचच्या यादीतलं त्यांचं नाव. मी म्हटलं, “मावशी, कॅश संपली.” त्यांनी खिडकीतून आत पाहिलं, जणू काही थोडी कुठे कोपऱ्यात उरली असेल. “उद्या?” “उद्या रविवार, पण उघडी आहे.” त्यांनी नोटा पुन्हा मोजल्या, पिशवीला गाठ मारली आणि त्या गेल्या.

वजाबाकी हा माझा धंदा आहे. ती आपोआप होते. साडूचे चार हजार म्हणजे मावशींचे दोन आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचे दोन. संध्याकाळी सगळा हिशोब पैन्‌पै जुळला. मॅनेजरांनी शाबासकी दिली. आमच्या पुस्तकात कुठेही चूक नव्हती. चूक फक्त त्या कॅलेंडरच्या पानावर होती, आणि तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

रविवारी मास्तरांनी आपण होऊन नवा नियम केला होता : कालचे राहिलेले आधी. मावशींचा नंबर तिसरा. मी म्हटलं, “काल तुमचा खोळंबा झाला.” त्या म्हणाल्या, “तुम्ही तरी काय करणार साहेब, पैसाच संपला.” मी खणातल्या शंभराच्या नोटा निवडून त्यांना वीस दिल्या. त्या दिवसांत दोन हजारांची नोट मिळणं म्हणजे सुट्ट्यांअभावी उपाशी राहण्याचा परवाना मिळण्यासारखं होतं, म्हणून. मागचा माणूस लगेच कुरकुरला, “आम्हाला गुलाबी आणि त्यांना सुट्टे?” त्याचंही बरोबरच होतं. एक चूक झाकायला मी दुसरी केली होती.

ही हकीकत मी आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती. त्या रविवारी चिरंजीवांना सांगितली. सॉक्रेटिस त्यांनीच काढला होता. सत्तरीचा म्हातारा, विषाचा पेला ठरलेला, आणि पहाटे त्याचा मित्र क्रीटो तुरुंगात येऊन म्हणतो की पहारेकऱ्यांचं मी बघतो, तू निघ. म्हणजे मागचं दारच की! सॉक्रेटिस म्हणाला, सत्तर वर्षं या शहराच्या कायद्यांच्या अंगाखांद्यावर वाढलो, आता चोरासारखा जाऊ? आणि बसून राहिला. चिरंजीव हे रंगून सांगत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर साडू चहा पीत होते.

ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पण बाबा, तुम्हीच म्हणालात ना, कायद्याने करारच सिद्ध होत नाही. मग तुम्ही मोडलंत काय?”

मुलगा वकील होणार. मी माळ्यावरून जुना करार कायदा काढला. पाचव्या प्रकरणाचा मथळा मी परीक्षेला पाठ केला होता, समजला मात्र आता. जे करार नाहीत, पण करारासारखे आहेत, अशा संबंधांचं ते प्रकरण. त्यातलं कलम ७० : एखाद्याने तुमच्यासाठी काही केलं, फुकट करायचा त्याचा इरादा नव्हता, आणि तुम्ही त्याचा लाभ घेतलात, तर सही नसली तरी तुम्ही त्याचं देणं लागता. कोर्टात हे कलम रांगेला लावता येईल असं मी म्हणत नाही. वकील मंडळी हसतील. पण मला त्या दिवसाचा हिशोब लागला. साडू पाच मिनिटांत चहा पिऊन गेले ते माझ्या ओळखीमुळे नव्हे. पुढच्या दाराशी दीडशे माणसं पहाटेपासून गुपचूप उभी होती म्हणून मागच्या दाराशी शुकशुकाट होता. पहिल्या दिवसासारखी झुंबड असती तर मागच्या दाराचीही काच फुटली असती. दीडशे लोकांनी उभं राहून जी शांतता तयार केली ती साडू फुकट वापरून गेले, आणि किल्ली मी दिली.

“बरं,” चिरंजीव म्हणाले, “मग रात्री साडेअकराच्या चौकात तुम्ही कोणाचं देणं लागत होतात? तिथे रांगच नव्हती.”

याला मला नीट उत्तर देता आलं नाही. कदाचित त्याचंच खरं असेल. कुत्र्याचं मी काही लागत नव्हतो. मी एवढंच म्हटलं की बाबा रे, ‘इथे कोणी नाही’ हे ठरवण्याच्या कामात माझा अनुभव वाईट आहे. मागच्या दाराशीही मला कोणी दिसलं नव्हतं. मावशी दिसल्या त्या सव्वाचारला, खिडकीतून. त्यावर तो म्हणाला, “हे आर्ग्युमेंट नाही, ही गिल्ट आहे.” असेल. चिरंजीवांचं मराठी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

साडूंच्या दोन गुलाबी नोटांपैकी एक त्यांना आठवडाभर कुणी मोडून दिली नाही, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळालं तेव्हा, कबूल करतो, बरं वाटलं. दुसरी त्यांनी आठवण म्हणून कपाटात ठेवून दिली. २०२३ च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने तीही चलनातून मागे घ्यायचं जाहीर केलं आणि पुन्हा फोन आला, “अहो, एकच नोट आहे. मागच्या दाराने येऊ का?” या वेळी मी म्हटलं, “रांगेत या.” ते आले. रांगेत तीन माणसं होती. साडू चौथे. दहा मिनिटं त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू त्यांना अंदमानला पाठवत होतो. त्या दिवाळीत मेहुणीकडून चिवड्याचा डबा आला तो अर्धा होता. सौ.ने कारण विचारलं. मी म्हटलं, पोहे महाग झाले असतील.

मावशींनी पुढे आमच्या शाखेत खातं उघडलं. महिन्याच्या सुरुवातीला येतात. आता पासष्टीच्या पुढे असतील. ज्येष्ठांसाठी वेगळी खिडकी आहे, तिथे बसायला खुर्चीही आहे. मी दरवेळी सांगतो, मावशी, तिकडे या, पटकन होईल. त्या म्हणतात, “राहू दे साहेब, येईल की माझा नंबर,” आणि रांगेत उभ्या राहतात. ती गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही. दरवेळी ठरवतो, पण मागे माणसं असतात. पैसे काढायची स्लिप त्या माझ्याकडूनच भरून घेतात; तारीख, खाते क्रमांक, अक्षरी रुपये दोन हजार फक्त. मग मी बोट ठेवून दाखवतो, मावशी, सही इथे. त्या चष्मा पुसतात, पेन घट्ट धरतात आणि एकेक अक्षर सुटं सुटं काढत सही करायला लागतात. मागच्यांना म्हणतो, जरा थांबा.